घरांतील संगणक आणि विजेचें बिल

मे महिन्याचें विजेचें बिल हातीं आलें म्हणजे पुष्कळ घरांत एक लहानसा खटला उभा राहतो. आकडा मागच्या महिन्याच्या मानानें बराच फुगलेला असतो, आणि आरोपी कोण हें ठरविण्यास फारसा वेळ लागत नाहीं. हल्लीं हा आरोप बहुधा संगणकावर येतो. २०२० सालच्या महामारींत शहरांतील अनेक कचेऱ्यांचीं कामें घरांत आलीं. कांहीं परत गेलीं, कांहीं तेथेंच राहिलीं. सून सकाळीं नवापासून संध्याकाळीं सहापर्यंत संगणकापुढें बसते, नातीचा अभ्यासही त्याच्यावरच चालतो, आणि निवृत्त सासऱ्यांच्या डोळ्यांपुढें दिवसभर चालू दिसणारी वस्तु म्हणजे तीच. गिझर बिचारा न्हाणीघराच्या दाराआड असतो; त्याचें पाप कोणास दिसत नाहीं. “हें यंत्र दिवसभर वीज खातें,” असें सासरे म्हणतात. “बाबा, त्याला फारशी वीज लागत नाहीं हो,” असें सून म्हणते. दोघांपैकीं कोणीही मोजून पाहिलेलें नसतें. मग एखाद्या दुपारीं सासरे सद्‌हेतूनें भिंतीवरचें बटण बंद करतात, नातीनें दोन तास खपून लिहिलेला आणि जतन न केलेला निबंध त्याबरोबर नाहींसा होतो, आणि दहा-वीस पैशांच्या विजेपायीं घरांत दोन दिवस अबोला राहतो.

वास्तविक हा हिशेब कागदावांचूनही करतां येतो. वीज कंपनी ज्याला युनिट म्हणते तें म्हणजे एक हजार वॅटचें उपकरण एक तास चालविण्यास लागणारी वीज. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला कीं एक युनिट झालें. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा दहा तास जळला कीं एक युनिट झालें. वॅट गुणिले तास भागिले हजार, एवढेंच हें गणित आहे. युनिटाचा दर ठिकाणाप्रमाणें व वापराप्रमाणें निराळा पडतो. येथें सोयीसाठीं करांसह दहा रुपये धरला आहे. ज्याचा दर कमी-अधिक असेल त्यानें त्या मानानें उत्तर बदलून घ्यावें.

पहिली चूक होते ती वॅटचा आकडा निवडतांना. टेबलावरच्या संगणकाच्या पेटींत, मागच्या अंगास, पंखा बसविलेली एक लोखंडी डबी असते. भिंतींतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन ती आंतल्या नाजूक भागांना सोसेल अशी १२, ५ व ३.३ व्होल्टची करून देणें हें तिचें काम. बाजारांत तिला एसएमपीएस म्हणतात. तिच्यावर ४५० वॅट असें छापलेलें असतें. तें वाचून सासरे दिवसाचीं साडेतीन-पावणेचार युनिटें आणि महिन्याचीं नव्वद धरतात, आणि त्यांचा संताप या हिशेबानें तरी अगदीं योग्य ठरतो. परंतु हा आकडा खर्चाचा नव्हे, सामर्थ्याचा आहे. दहा पोतीं वाहणारी बैलगाडी दोनच पोतीं घालून निघाली तर बैलांच्या मानेवर दहा पोत्यांचा भार येत नाहीं. डबी साडेचारशें वॅटपर्यंत देऊं शकते, इतकाच त्या छापील अक्षरांचा अर्थ. ती देते तितकें, जितकें आंतून मागितलें जातें. मात्र देतां-देतां ती थोडें स्वतःकडे ठेवते. चांगल्या प्रतीच्या डबींत शंभरांतले दहा-पंधरा वॅट उष्णता होऊन जातात, हलक्या प्रतीच्या डबींत पंचवीस-तीसही जातात.

लिहिणें, वाचणें, पत्रव्यवहार आणि जमाखर्च एवढ्या कामाचा टेबलावरचा संगणक प्रत्यक्षांत ५० ते ८० वॅट घेतो. त्याचा सपाट पडदा आणखी वीस-तीस घेतो. दोन्ही मिळून शंभर धरावे. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वीस युनिटें, दोनशें रुपये. लॅपटॉपची गोष्ट याहून निराळी आहे. तो बॅटरीवर तगावा म्हणून त्याच्या घडणींत पहिल्यापासूनच काटकसर केलेली असते. साध्या कामांत तो पडद्यासकट पंधरा ते चाळीस वॅट घेतो. तीस धरले तर तितक्याच तासांत सहा युनिटें, साठ रुपये. त्याच्या चार्जरवरचा ६५ वॅट हा आकडाही सामर्थ्याचाच समजावा. आतां डोक्यावर फिरणारा जुन्या बांधणीचा पंखा पाहूं गेल्यास तो सुमारें पंचाहत्तर वॅटचा असतो. आठ तास, पंचवीस दिवस, पंधरा युनिटें. म्हणजे ज्या पंख्याखालीं बसून लॅपटॉपवर खटला चालतो, त्या पंख्याचा खर्च आरोपीच्या अडीचपट आहे.

संगणकाची तिसरीही एक जात आहे, आणि तिच्याविषयीं इतकें उदार होतां येत नाहीं. खेळांसाठीं किंवा चलच्चित्रें बनविण्यासाठीं बांधलेल्या यंत्रांत ग्राफिक्स कार्ड नांवाचा स्वतंत्र भाग असतो. हलतीं चित्रें क्षणोक्षणीं रंगवून देण्याचें काम तो करतो, आणि मोठ्या प्रतीचा असेल तर एकटाच दोनशेंपासून साडेचारशें वॅटपर्यंत वीज घेतो. सबंध संच खेळाच्या भरांत चारशें-पांचशें वॅटवर जाणें मुळींच नवल नाहीं. चारशें धरून रोज चार तास खेळ झाला तर महिन्यास ४८ युनिटें, म्हणजे ४८० रुपये होतात. अशा घरांत सासऱ्यांची तक्रार अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं.

एकाच नांवाच्या यंत्रांत पंधरा वॅट आणि पांचशें वॅट एवढें अंतर कां पडावें, हें समजण्यास थोडें मागें जावें लागतें. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत बांधलेला एनिॲक हा संगणक १९४६ सालीं जगापुढें आला. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. तासाला दीडशें युनिटें! आजच्या लॅपटॉपला तेवढी वीज पंचवीस महिने पुरेल. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें बांधलेला टिफ्रॅक १९६० सालीं काम करूं लागला. त्यांतही सुमारें २,७०० नळ्या होत्या. नळीचा मोठा दोष हा कीं तिच्यांतील तार सदैव तापत ठेवावी लागे. काम असो वा नसो, चूल पेटलेलीच. १९४७ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि ही चूल विझली. आजच्या संगणकाच्या एका चिपेंत असे अब्जावधि ट्रान्झिस्टर असतात, आणि त्यांची वीज मुख्यतः खर्च होते ती ‘आहे’वरून ‘नाहीं’वर आणि ‘नाहीं’वरून ‘आहे’वर जाण्याच्या क्षणीं. प्रत्येक पालटास लागणारी वीज अतिशय थोडी. पण सेकंदास असे पालट कोट्यवधि वेळां होतात, म्हणून बेरीज डोळ्यांत भरते.

यांत व्होल्टांचा एक विशेष आहे. पालटांची गति निम्मी केली तर हा खर्च निम्मा होतो. पण व्होल्ट निम्मे केले तर खर्च चौथाईवर येतो, कारण तो व्होल्टांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. एके काळीं चिपा पांच व्होल्टांवर चालत, आज त्या एका व्होल्टाच्या आसपास चालतात. एवढेंच नव्हे, तर काम नसलें कीं यंत्र आपली गति आणि व्होल्ट दोन्ही आपोआप उतरवितें. सुनेनें एक अक्षर दाबलें आणि दुसरें दाबावयाचें आहे, या मधल्या अवकाशांतही तें डुलकी घेऊन उठतें. म्हणून पत्र लिहिणाऱ्याचा संगणक थंड असतो, आणि त्याच संगणकावर लग्नाचें चलच्चित्र जुळवूं लागल्यास त्याचा पंखा घोंघावूं लागतो. पडद्याला मात्र ही हुशारी बेतानेंच साधते. त्याच्यामागचा दिवा लावून ठेवला कीं त्यावर कविता असो वा कोरें पान असो, वीज जवळजवळ तेवढीच जाते. प्रकाश कमी केला तरच ती उतरते.

इतका वेळ संगणकाचा कैवार घेतला. आतां त्याच्या विरुद्धचा पुरावा. काम करीत असतां तो जी वीज घेतो तिच्यापेक्षां कोणीही काम करीत नसतां घेतलेली वीज पुष्कळदां अधिक भरते. टेबलावरचा संगणक संध्याकाळीं तसाच चालू ठेवून माणसें उठलीं आणि पडदा काळा झाला, तरी पेटींतला भाग पन्नासएक वॅट घेतच राहतो. सोळा तास, तीस दिवस, चोवीस युनिटें. काम करून वीस आणि काम न करतां चोवीस! त्याच यंत्रास झोंपविलें, म्हणजे स्लीप या अवस्थेंत ठेविलें, तर तें एक ते तीन वॅटांवर येतें; दोन धरले तर सबंध महिन्यांत एक युनिटही पुरें होत नाहीं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें १९९२ सालीं एनर्जी स्टार ही खूण सुरू केली तेव्हां ती प्रथम संगणकांना आणि पडद्यांनाच लाविली गेली, त्याचें कारण हेंच रिकामें जागरण होय.

या जागरणाचें समर्थन करणाऱ्या दोन समजुती अजून घरोघरीं आढळतात. एक अशी कीं, यंत्र पुन्हां सुरू करण्यास फार वीज लागते, म्हणून बंद न करणेंच फायद्याचें. सुरू होण्यास एक मिनिट लागलें आणि त्या मिनिटांत शंभर वॅट गेले असें धरलें, तर खर्च येतो दोन पैशांहूनही कमी. दुसरी समजूत पडद्यावर फिरत राहणाऱ्या मासोळ्यांची आणि नक्षीची. नांवांत ‘सेव्हर’ असल्यामुळें ती वीज वांचविते असें लोकांस वाटतें. जुन्या फुगीर कांचेच्या पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलें तर त्याचा डाग आंतल्या लेपावर कायमचा उमटे. तो टळावा म्हणून ही हलती नक्षी निघाली. तिनें पडदा वांचविला; वीज कधींच वांचविली नाहीं.

सर्वांत चकवा देणारी वस्तु मात्र संगणकही नव्हे. कोपऱ्यांत कपाटावर ठेवलेला, दोन-तीन हिरवे दिवे मिचकावणारा राउटर सुमारें दहा वॅट घेतो आणि तो रात्रंदिवस चालतो. दहा वॅट, महिन्याचे सातशेंवीस तास, सात युनिटांहून थोडीं अधिक. आठ तास राबणाऱ्या लॅपटॉपला सहाच लागलीं होतीं! दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्सही याच कुळांतला. रिमोटनें बंद केला तरी त्याची भूक फारशी कमी होत नाहीं. येथें आपल्याकडील एक जुनी सोय उपयोगी पडते. आपल्या भिंतीवरच्या प्रत्येक प्लगास स्वतःचें बटण असतें. पुष्कळ पाश्चात्त्य देशांत तें नसतें. सासऱ्यांचा बटण बंद करण्याचा उत्साह रात्रीं अकरा वाजतां या दोन पेट्यांवर खर्च झाला, तर कोणाचाही निबंध बुडत नाहीं.

संगणकाच्या सोबत्यांचाही खर्च धरावा लागतो. टेबलावरच्या संगणकाला वीज गेली कीं तत्काळ अंधारी येते, म्हणून त्याला यूपीएस जोडतात. ही पेटी आपली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठीं संगणक बंद असतांनाही पांच-दहा वॅट घेत राहते, आणि तिची शिसें-आम्लाची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. तिच्यावरील ६०० व्हीए हा आकडा ६०० वॅट असा वाचूं नये. ती त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वॅट देऊं शकते. घराच्या मोठ्या इन्व्हर्टरवर संगणक चालविणें याहून महाग पडतें. बॅटरींत घातलेली वीज पुरी परत येत नाहीं, आणि पुन्हां तिचें २३० व्होल्टांत रूपांतर करतांना कांहीं जाते. चार भाग घालावेत तेव्हां तीन किंवा त्याहूनही कमी हातीं येतात. लॅपटॉपची बॅटरी त्याच्या पोटांतच असल्यामुळें त्याच्या धन्याला यूपीएसची कटकट नसते.

मग मे महिन्याचें बिल फुगलें कशानें? सून ज्या खोलींत बसते तेथें उन्हाळ्यांत एसी लावावा लागतो. दीड टनाचा एसी दुपारच्या उन्हांत तासाला सरासरीनें एक युनिट घेतो असें धरलें तर आठ तास, पंचवीस दिवस, दोनशें युनिटें. दोन हजार रुपये. त्याच्यापुढें लॅपटॉपचे साठ रुपये कोठें दिसतच नाहींत. येथें संगणकाचाही किंचित् वांटा आहे हें खरें. तो जितकी वीज घेतो तितकी सर्व शेवटीं उष्णता होऊन खोलींत उतरते, आणि ती बाहेर फेंकण्यासाठीं एसीला त्या विजेच्या सुमारें तृतीयांश वीज आणखी लागते. खेळाचें यंत्र लावून एसी लावणें म्हणजे खोलींत एक लहान शेगडी पेटवून मग ती खोली थंड करीत बसणें होय.

तेव्हां खर्च संगणकाचा नाहीं, पण त्याच्यापुढें माणूस बसविण्याचा आहे. पंखा, दिवा, एसी आणि राउटर हा खर्च पूर्वीं कचेरीच्या बिलांत पडत असे. काम घरीं आलें त्याबरोबर तोही घरीं आला. सुनेच्या कचेरीनें त्याची भरपाई द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न रास्त आहे आणि तो कचेरीला विचारण्यासारखाही आहे. सासऱ्यांनीं तो सुनेला विचारणें मात्र फारसें रास्त नाहीं.

बिलाच्या रचनेंतही एक मेख आहे. महाराष्ट्रांत महावितरणचें घरगुती बिल पायरीपायरीनें चढतें: पहिल्या १०० युनिटांस एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा, आणि त्यापुढें चौथा, सर्वांत चढा. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हीं ओळीनें उभीं असतातच. पायरी ओलांडली कीं सगळींच युनिटें महाग होतात असा पुष्कळांचा समज आहे; तसें नाहीं. पायरीच्या वर गेलेल्या युनिटांसच वरचा दर लागतो. पण बिलाच्या एकूण रकमेस युनिटांनीं भागून जो दर येतो त्यानें संगणकाचा खर्च काढणेंही बरोबर नाहीं. संगणक बंद ठेविला तर वांचतात तीं शेवटचीं, म्हणजे सर्वांत महाग पायरीवरचीं युनिटें. हिंवाळ्यांत दीडशें युनिटांवर राहणारें घर मे महिन्यांत साडेतीनशेंवर गेलें, तर संगणकाचीं तींच वीस युनिटें वांचविण्याचें मोल तिसऱ्या पायरीच्या दरानें वाढतें. त्याच्या वापरांत कांहींच फरक पडलेला नसतो.

विजेच्या बचतीसाठीं जुना संगणक टाकून नवा घ्यावा काय, असेंही कांहीं घरांत मनांत येतें. टेबलावरच्या यंत्राच्या जागीं लॅपटॉप घेतला तर वरच्या हिशेबानें महिन्यास चौदा युनिटें, म्हणजे वर्षास १,६८० रुपये वांचतील. चाळीस हजारांचा लॅपटॉप त्या बचतींतून फेडण्यास जवळजवळ चोवीस वर्षें लागतील, आणि इतका तो टिकणार नाहीं. नवें यंत्र दुसऱ्या कारणासाठीं घ्यावयाचें असेल तर खुशाल घ्यावें. विजेसाठीं म्हणून घेऊं नये.

राहिली गोष्ट प्रत्यक्ष मोजण्याची. प्लगांत बसवून वॅट दाखविणारें लहानसें मीटर बाजारांत मिळतें. पण घराचें मीटरही या कामास पुरतें. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि जवळच बारीक अक्षरांत एक संख्या छापलेली असते. पुष्कळ मीटरांवर ती ३२०० असते. एक युनिट वीज गेली म्हणजे तो दिवा ३२०० वेळां लुकलुकतो, असा तिचा अर्थ. घरांतील इतर सर्व बटणें, फ्रिज, इन्व्हर्टर आणि राउटर यांसकट, थोडा वेळ बंद करावीं. एकटा संगणक चालू ठेवावा. आणि घड्याळ लावून तीन मिनिटांत दिवा किती वेळां लुकलुकतो तें मोजावें. त्या संख्येस सव्वासहांनीं गुणलें कीं वॅट मिळतात. सोळा वेळां लुकलुकला तर शंभर वॅट. पांच वेळां, तर तीसच्या किंचित् वर. मीटरवरची संख्या १६०० असेल तर साडेबारांनीं गुणावें.

सासरे आणि नात यांनीं मिळून करण्यासारखा हा प्रयोग आहे: एकानें घड्याळाकडे पाहावें, दुसऱ्यानें दिव्याकडे. लॅपटॉपच्या वेळीं दोन लुकलुकण्यांच्या मध्यें अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ वाट पाहावी लागते, आणि मीटर बंद तर पडलें नाहीं ना अशी शंका येते. मग लॅपटॉप बंद करून एकटा गिझर लावावा. दिवा सेकंदास जवळजवळ दोनदां उडूं लागतो. तीन मिनिटांत तीनशेंवीस, आणि मोजणाऱ्याची जीभ मध्येंच अडखळते. प्रयोग आटोपल्यावर फ्रिजचें बटण पुन्हां लावण्यास मात्र विसरूं नये.